चिखलातली पहिली रेघ

वायरमनचं लग्न आधी मोटरसायकलशी लागलं आणि मग माझ्याशी, असं त्याची बायको सांगायची, आणि सांगायची तेही गाडीच्या तोंडावर. गाडी जुनी, जड, एका सिलिंडरची. नुसती उभी असली तरी एखादा म्हातारा बैल रवंथ करतोय असं वाटावं. चालू केली की फडताळातल्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणायच्या. संध्याकाळी ती समोरच्या खोलीत आत घेतली जायची. त्यासाठी उंबऱ्यावर एक फळी कायमची टाकलेली होती, आणि त्या फळीला अडखळला नाही असा पाहुणा त्या घरात आलेला नव्हता. बायकोच्या मावशीनं एकदा तक्रार केली की इथल्या चहाला पेट्रोलचा वास येतो. वायरमननं तिला समजावून सांगितलं, मावशी, पेट्रोल नाही, चेनचं तेल आहे ते, पेट्रोलचा वास वेगळा. मावशी पुन्हा आली नाही. त्याला बरेच दिवस कळलंच नाही की आपलं काय चुकलं.

माणूस तसा साधा. उंच, काटक, खांबावर चढून चढून पोटऱ्या दोरासारख्या झालेल्या. ओढ्यावरच्या मोरीपलीकडची सगळी खेडी वीज कंपनीनं त्याच्या गळ्यात बांधली होती. वारा सुटला की तार तुटायची, पाऊस झाला की फ्यूज उडायचा, आणि दोन्ही झालं की सगळी खेडी मिळून एकट्या वायरमनला फोन करायची. तो कंटाळायचा नाही. उलट आभाळ भरून आलं की याची कळी खुलायची. बाकीचे लोक वाळत घातलेले कपडे काढायला धावायचे आणि हा गाडीची चेन आवळायला बसायचा.

कारण होतं तो रस्ता. गावातून निघालेली डांबरी सडक मोरीपाशी जी संपायची ती संपायचीच. पुढं खेड्यांपर्यंत नुसती काळी चिकणमाती. वाळली की दगड, आणि भिजली की मळून ठेवलेली कणीक. पण कणीक हात धुतला की सुटते, ही सुटायची नाही. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये ती गुपचूप भरत जायची, आणि एका क्षणी चाक फिरायचंच थांबायचं. इंजिन ओरडतंय, सायलेन्सर धूर ओकतोय, आणि माणूस जागच्या जागी, फोटो काढायला बसवल्यासारखा. मध्ये एक खोलगट जागा होती, तिला सगळे कढई म्हणायचे. कढईत पडलेला माणूस उठून आला की त्याची आई त्याला आवाजावरून ओळखायची.

अशा रस्त्यानं जायची एक रीत होती. पाऊस थांबला की दूधवाला, नर्सबाई, दुकानात माल पोचवणारे, शाळेत जाणारे, सगळे आपापल्या गाड्या घेऊन मोरीजवळच्या चहाच्या टपरीपाशी थांबायचे. कुणी पुढं जायचं नाही. आधी एकानं जायचं आणि त्याच्या चाकानं चिखलात जी चाकोरी पडेल तिच्यात बाकीच्यांनी आपापली चाकं घालून मागं मागं जायचं. तिला म्हणायचे रेघ. एकदा रेघ पडली की दुसऱ्यानं ती मोडायची नाही, आडवी कापायची नाही. आणि पुढच्यानं मागं वळून बघायचं नाही, कारण बघितलं की हँडल हलतं आणि रेघ वाकडी होते. ऊन पडलं की ती रेघ तशीच वाळून कडक व्हायची आणि पुढचा पाऊस येईपर्यंत तोच रस्ता. म्हणजे एका माणसाच्या मनात एका सकाळी जे आलं त्यावरून सगळ्या खेड्यांनी पुढचे कितीतरी दिवस जायचं-यायचं.

आणि तो एक माणूस म्हणजे वायरमन. किती वर्षं ते विचारू नका. टपरीवाला सुद्धा सकाळी गिऱ्हाईकाला साखर किती ते विचारायच्या आधी विचारायचा, वायरमन गेला का? मग लांबून धाप धाप असा आवाज यायचा, लोक बाकावरून उठायचे, आणि वायरमन कुणाकडे न बघता, फूटरेस्टवर उभा राहून, डांबर संपतं तिथून जो चिखलात शिरायचा तो बाणासारखा सरळ. पाय टेकायचा नाही. चिखलात पाय टेकणं म्हणजे त्याच्या लेखी भर बाजारात धोतर सुटण्यासारखं होतं. मागं बघायचा नाही हे खरं, पण मागं सगळे बघताहेत हे त्याच्या पाठीला कळायचं. पाठ सुद्धा सुखावते माणसाची.

या सुखात एक दिवस अंडीवाला आला.

कुठून तरी बदलून आला होता. म्हणजे त्याची कुणी बदली केली नव्हती, त्यानंच धंदा इकडे हलवला होता. गोलसर, ठेंगणा, चालताना श्वास ऐकू यायचा असा माणूस. गाडी लहानशी, बुटकी, तिच्या मागं लाकडी चौकट, आणि चौकटीत अंड्यांचे ट्रे एकावर एक रचून सायकलच्या जुन्या ट्यूबनं आवळलेले. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. डोक्यावर हेल्मेट, आणि ते टपरीवर चहा पिताना सुद्धा काढायचा नाही, नुसती काच वर करायचा आणि तिथून बशी आत घालायचा. रस्त्यात कोंबडी आडवी आली की गाडी थांबवून तिला पूर्ण रस्ता ओलांडू द्यायचा. लोक हसले तर म्हणायचा, अहो आमच्या मालकीणबाई आहेत त्या, त्यांच्या जिवावर चाललंय. भेटेल त्याला सांगायचा, सांभाळून हं. चहा पिणाऱ्याला सुद्धा सांगायचा, सांभाळून हं, गरम आहे.

वायरमनला पहिले काही दिवस त्याची मजा वाटली. घरी येऊन त्यानं बायकोला त्याची नक्कल करून दाखवली, हेल्मेटच्या जागी पातेलं घालून. बायको खूप हसली. म्हणजे तेव्हा सगळं ठीक होतं.

बिघडलं ते असं. एका पावसात वायरमन पलीकडच्या खेड्यातच अडकला, तार जोडता जोडता सकाळ उजाडली. इकडे टपरीवर लोक थांबले, थांबले, आणि त्याची धाप धाप काही ऐकू येईना. अंड्यांना वाट बघायची सवय नसते. शेवटी अंडीवाला सांभाळून हं, सांभाळून हं असं स्वतःलाच म्हणत निघाला, दोन्ही पाय बदकासारखे बाहेर काढून, पावलागणिक टेकत. सरळ गेला नाही. आधी कडेला गेला, मग बांधाला घासून, मग एका झाडाला उगाच वळसा, मग कढईच्या लांबून लांबून, नको असलेल्या नातेवाइकाचं घर टाळावं तसा. लोक पोट धरून हसले. आणि हसत हसत त्याच्याच रेघेनं गेले, कारण दुसरी नव्हती.

परतताना वायरमननं ती रेघ पाहिली आणि गाडी थांबवून एकटाच हसला. टपरीवर आल्यावर म्हणाला, ही काय रेघ म्हणायची की उंदराचं शेपूट? त्याला वाटलं, सगळे हसतील. टपरीवाला कप विसळत म्हणाला, "दिसायला कशी का असेना, भाऊ, पण मऊ आहे. नर्सबाई आज पहिल्यांदा पांढऱ्या कपड्यांत पोचल्या."

झालं. वायरमननं कप खाली ठेवला. मऊ. रेघ मऊ असते हा शब्दच त्यानं कधी ऐकला नव्हता. त्याच्या रेघेला लोक म्हणायचे, काय जिगर आहे. जिगर आणि मऊ यांच्यात मोठं कोण, हे त्यानं घरी जाताना स्वतःला समजावून सांगितलं, दोनदा सांगितलं, तरी ते काही पटेना.

तेव्हापासून त्याला अंडीवाल्याचं सगळंच खुपायला लागलं. त्याचा श्वास खुपायचा. त्या ट्यूबा खुपायच्या. त्याचं बशीतून पिणं खुपायचं. पाऊस झाला की वायरमन आता पहाटेच गाडी बाहेर काढायचा, पण अंडी त्याच्याही आधी उठायची. कधी हा पुढं, कधी तो पुढं. आणि ज्या दिवशी वायरमन पुढं असायचा त्या दिवशी सुद्धा लोक थोडे रेंगाळायचे. त्याला ते दिसायचं. दूधवाला बुटाची नाडी बांधत बसायचा, आणि दूधवाल्याच्या पायात चपला होत्या. कुणी म्हणायचं, तुम्ही व्हा पुढं, मी चहा घेऊन येतो. आणि नजर गावाकडे, तो बुटका आवाज येतोय का ते बघायला. इतकी वर्षं ज्यांना चिखलातून पार नेलं ती माणसं अशी पटकन फिरतात, याचं त्याला आश्चर्य वाटायचं. मग राग यायचा. मग खांबावर चढला की तिथून अंडीवाल्याची वळणावळणाची रेघ उन्हात वाळत पडलेली दिसायची, दिवसेंदिवस, आणि पक्कड हातात तशीच राहायची. लांबून बघितली तर ती, खरं सांगायचं तर, वाईट दिसत नव्हती. हेच जास्त झोंबायचं.

टपरीवर तो काही ना काही काढायचाच. एकदा म्हणाला, पाय टेकत टेकत तर माझी सासू सुद्धा जाईल. अंडीवाला मनापासून म्हणाला, न्या की त्यांना माझ्या मागं, सावकाश नेतो. सगळे हसले, आणि वायरमनला कळेना की ही टोलेबाजी होती की भोळेपणा. माणूस भोळा निघाला तर त्याच्यावर जळणं फार अवघड जातं. टोलेबाज आहे असं धरून चालणंच बरं, असं त्यानं ठरवलं.

आता त्याच्या बायकोबद्दल थोडं सांगायला हवं. ती शाळेच्या मुलांचे गणवेश शिवायची. मागच्या खोलीत मशीन, खिडकीत दोऱ्यांची रिळं, आणि शिवलेले कपडे पोचवायला तिची स्वतःची फिकट निळी स्कूटर. मोरीपलीकडच्या शाळा तिच्याकडेच. म्हणजे तीही त्याच रस्त्यानं जायची, पण ती कधी जाते, कशी येते, हे वायरमननं कधी विचारलं नव्हतं. त्याच्या डोक्यात पक्कं होतं की बायको नवऱ्याच्या रेघेनं जाते. दुसऱ्या कशानं जाणार?

एका दुपारी तो लवकर घरी आला. स्कूटर अंगणात उभी. सवयीनं तो खाली वाकला, मडगार्डमध्ये बोट घातलं. कोरडं. नुसती धूळ. परवाच पाऊस झाला होता, आणि मशीनवरचा गठ्ठा गेलेला होता, म्हणजे ती शाळेत जाऊन आली होती. तो बराच वेळ त्या मडगार्डापाशी उकिडवा बसून राहिला. एखाद्याला बायकोच्या पर्समध्ये परका रुमाल सापडावा तसं त्याला झालं.

आत मशीन चालू होतं. तो दारात उभा राहिला आणि आवाज शक्य तितका साधा ठेवून म्हणाला, "शाळेत जाऊन आलीस वाटतं."

"हो."

"कुठून गेलीस?"

"रस्त्यानं." मशीन चालूच.

"कुणाच्या रेघेनं?"

मशीन थांबलं. तिनं सुईखालचं कापड सोडवलं, दोरा दातानं तोडला. "अहो, तुम्ही परवा सरळ कढईतून गेलात. माझी स्कूटर तिथून निघते का? निम्मी माणसं आडवी गेली त्या रेघेत. मागून अंडीवाले कडेनं गेले, मी त्यांच्या रेघेनं गेले."

"त्यांच्या," तो म्हणाला. "कधीपासून?"

"त्यांनी पहिली रेघ पाडली तेव्हापासून."

आता बघा, ती काही वावगं बोलली नव्हती. पण वायरमनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे आपण पातेलं डोक्यावर घालून नक्कल करत होतो, ही हसत होती, आणि नंतर ही त्याच्याच रेघेनं जात होती. तो म्हणाला की मग त्याच्याच मागं बस जाऊन, ट्रेवर जागा असेल. ती म्हणाली की ट्रेवर नसेल, पण निदान कपडे कोरडे पोचतील. तो म्हणाला की इतकी वर्षं माझ्या रेघेनं गेलीस तेव्हा काय झालं होतं? आणि तिनं सांगितलं. शांतपणे सांगितलं, हेच वाईट. इतकी वर्षं ती कढईच्या अलीकडे उतरायची, गठ्ठा डोक्यावर घ्यायची, पलीकडे नेऊन ठेवायची, परत यायची, आणि स्कूटर ढकलत न्यायची. पायातलं चिखलात राहायचं म्हणून हातात धरायची. घरी यायच्या आधी मोरीखाली पाय धुवायची.

"मला कधी सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"तुम्ही कधी मागं बघितलं नाहीत," ती म्हणाली, आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

त्या दिवसापासून घरात बोलणं कमी झालं. भाजीत मीठ जास्त झालं तर तो भाजीला सांगायचा. उंबऱ्यावरच्या फळीत पाय अडकला तर ती फळीला सांगायची. रागात तो होता हे उघड होतं, पण राग कुणावर हे त्याचं त्यालाच नीट सांगता आलं नसतं. बायकोनं मोरीखाली पाय धुतल्याचं त्याच्या मनात कुठं तरी तळाशी जाऊन बसलं होतं. पण त्याच्यावर अंडीवाल्याचं हेल्मेट असं घट्ट बसलेलं की खालचं काही वर येईना. त्याला एकच दिसत होतं, की आपलं माणूस त्याच्या रेघेनं गेलं. आणि एकच हवं होतं, की तिनं परत आपल्या रेघेनं यावं. त्यासाठी त्याच्या डोक्यात जे आलं ते दुसऱ्या कुणाच्या आलं नसतं. त्याला वाटलं, आपली जिगर कमी पडली असणार. अशी रेघ मारावी की तोंडात बोट घालावं सगळ्यांनी.

मग तो मोठा पाऊस झाला. सकाळी उघडला, तर मोरीपलीकडची सगळी खेडी अंधारात. वायरमन टपरीवर पोचला तेव्हा तिथं अंडीवाला होता, काच वर, बशी आत. दूधवाला, नर्सबाई, झाडून सगळे होते. कढईत पाणी साठून आभाळ दिसत होतं. अंडीवाला म्हणाला, वायरमनसाहेब, आज थोडं थांबू या का, पाणी ओसरू दे. आणि हा जो साहेब शब्द होता ना, त्यानं काम केलं. वायरमननं किक मारली, फूटरेस्टवर उभा राहिला आणि निघाला.

तसं त्याला जाताना पाहणं हे खरोखर पाहण्यासारखं होतं, हे कबूल करायला हवं. इतकी जड गाडी, पण हँडल हातात असं की जणू लोण्यात सुरी. चाक डावीकडे घसरलं की तो उजवीकडे झुकायचा, आणि तो झुकायच्या आधी गाडीला कळलेलं असायचं. कढई आली. शहाणा माणूस एक्सलेटर सोडतो, यानं पिरगळला. दोन्ही बाजूंना चिखलाचे पंखे उघडले, गाडी मधोमध खाली गेली, नुसतं हँडल आणि माणूस वर, आणि मग पुढचं चाक पलीकडच्या चढाला लागलं आणि ती गुरगुरत वर आली. पाय टेकला नाही. अंगभर चिखल, पण पाय टेकला नाही.

आणि मग त्यानं जन्मात केलं नव्हतं ते केलं. चढावर गाडी थांबवली, चाकात भरलेला चिखल बराच वेळ काढत बसला, आणि मागं वळून बघितलं. बघायचं होतं अंडीवाल्याचं तोंड. काच वर करून कसा बघतोय ते.

अंडीवाला फार लांब होता, डांबरावर, ठिपक्याएवढा. त्याचं तोंड काही दिसलं नाही. दिसली ती फिकट निळी स्कूटर. कढईच्या मधोमध. उभी होती, पण स्टँडवर नाही. चारही बाजूंनी चिखलानं इतकी घट्ट धरलेली की पडायला जागा नव्हती. स्कूटरशेजारी गुडघ्याच्या वर गाळात त्याची बायको, डोक्यावर गणवेशांचा गठ्ठा दोन्ही हातांनी धरून. तो निघाल्यावर ती टपरीवर आली होती. कुणाची रेघ पडली, असं तिनं विचारलं होतं, आणि सांगितल्यावर न थांबता, अंडीवाला नको नको म्हणत असताना, सगळ्यांच्या पुढं निघाली होती. तिच्या मागं दूधवाला, कॅनसकट आडवा. त्याच्या मागं नर्सबाई, उतरलेल्या, एक बूट शोधताहेत. वहिनी गेल्या म्हणून गेले सगळे.

तो धावत खाली आला. धावत म्हणजे चिखलात जितकं धावता येतं तितकं. जवळ आल्यावर त्यानं गठ्ठा घ्यायला हात पुढं केले.

"आले मी तुमच्या रेघेनं," ती म्हणाली. टोमणा नव्हता. दमलेली होती आणि सांगत होती.

यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोसलं असतं. त्यानं गठ्ठा डोक्यावर घेतला आणि पलीकडे नेऊन ठेवला, परत आला, आणि स्कूटरला खांदा लावला. तेव्हा त्याला कळलं की ढकलताना पाय कुठं ठेवायचा ते ठरवणं हेच केवढं काम आहे. एक पाय काढावा तर दुसरा आत जातो, आणि जो निघतो तो उघडाच निघतो. इतकी वर्षं तो या कढईच्या वरून गेला होता. आत तो पहिल्यांदाच उतरला होता.

थोड्या वेळानं धापा टाकल्याचा आवाज आला. अंडीवाला गाडी सोडून पायी, बांधाच्या कडेकडेनं आला होता. डोक्यावर हेल्मेट तसंच. त्यानं काही विचारलं नाही, स्कूटरच्या दुसऱ्या बाजूला लागला. दोघांनी मिळून ती उपटली, मग दूधवाल्याची, मग नर्सबाईंची गाडी. बूट मात्र कढईनं ठेवून घेतला.

सगळं झाल्यावर दोघं बांधावर बसले. वायरमनला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं. "तुम्हाला कसं कळतं हो कुठून जायचं?"

"मला?" अंडीवाला घाबरला, जणू त्याच्यावर आळ आला. "मला काही कळत नाही. मला भीती वाटते. डांबर संपलं की परत फिरावंसं वाटतं. मग मी आधी बघतो की इथं पडलो तर अंडी कुठं पडतील. गवतावर पडणार असतील तर जातो. नाहीतर दुसरीकडून जातो. पडायची जागा मिळत गेली की आपोआप पोचतो." त्यानं घाम पुसायला काच वर केली आणि पुढं म्हणाला, "तुमच्यासारखं मला एकदा तरी जायचंय. तुम्ही जाताना मी बशी खाली ठेवून बघतो."

वायरमन पोटरीवरचा चिखल खरवडत राहिला. त्याला वाटलं होतं की असं काही ऐकलं की बरं वाटेल. बरं वाटलंही, थोडं. पण सारखं मनात येत राहिलं, की या माणसाला पडायची भीती वाटते म्हणून आपली बायको कोरडी पोचते. आणि आपल्याला कशाचीच भीती वाटत नाही म्हणून ती मोरीखाली पाय धुते. यावर जळावं तर कशावर जळावं?

पुढचा पाऊस झाला तेव्हा तो उजाडता उजाडता एकटाच निघाला. टपरी अजून उघडली नव्हती. डांबर संपलं तिथं त्यानं गाडी थांबवली आणि पुढं बघितलं. पलीकडच्या टोकाकडे नाही, अगदी चाकापुढं. इथं निळी स्कूटर घसरली तर गठ्ठा कुठं पडेल? कॅन कुठं जातील? मग त्यानं गाडी पहिल्या गिअरात टाकली, आणि दोन्ही पाय खाली सोडले. आजूबाजूला कुणी नव्हतं तरी त्याचे कान तापले. टेकत, थांबत, उतरून काठीनं चिखल चाचपत, पुन्हा बसत, असा तो गेला. एका ठिकाणी मागं येऊन रेघ बुजवली आणि दुसरी धरली. गाडी बिचारी गुरगुरायची, तिला हा अपमान वाटत असणार. त्यानं टाकीवर थोपटून तिची समजूत काढली. कढईला त्यानं इतका लांब वळसा घातला की अंडीवाल्यानंही घातला नसता.

संध्याकाळी जेवताना बायको म्हणाली, "आज अंडीवाल्यानं काय सुंदर रेघ पाडली होती. आतापर्यंतची सगळ्यात चांगली. पाय खाली सोडावाच लागला नाही."

वायरमनचा घास हातातच राहिला. आपल्याच रेघेचा आपल्यालाच हेवा वाटतो हे त्याला त्या दिवशी कळलं. गप्प बसायचं असं त्यानं ठरवलेलं होतं. ठरवलेलं दोन घास टिकलं. मग तो ताटाकडे बघत म्हणाला, "अंडीवाला तापानं पडलाय. दोन दिवस आला नाही तो."

ती थांबली. त्याच्याकडे बघितलं, मग दाराशी काढून ठेवलेल्या त्याच्या बुटांकडे, ते घोट्यापासून वर पार माखलेले होते.

"टेकलेत तुम्ही?"

"टेकले."

ती उठली, त्याच्या ताटात भाजी वाढली आणि भाजीला न सांगता त्याला सांगितलं की मीठ बघा बरं, कमी झालंय बहुतेक. मीठ बरोबर होतं. तरी त्यानं थोडं घेतलं.

अंडीवाला बरा होऊन टपरीवर आला तेव्हा लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. तो सगळ्यांना सांगत राहिला की अहो मी नव्हतो, मी पांघरुणात होतो. कुणी ऐकेना. असा नम्रपणा हवा, असं टपरीवाला म्हणाला. शेवटी तो उठला आणि ती रेघ बघून येतो म्हणून गेला. वायरमन बाकावरच होता. त्याला त्या बुटक्या गाडीचा आवाज जाताना ऐकू आला, मध्ये बऱ्याच ठिकाणी थांबताना ऐकू आला, आणि बऱ्याच वेळानं परत येताना ऐकू आला.

अंडीवाला आला आणि वायरमनच्या शेजारी बसला. चहा आला, पण काच वर झाली नाही. आतून घुसमटलेला आवाज आला, त्यात सांभाळून हं कुठं नव्हतं. "त्या कढईपाशी वळण घेतलंय ना, बांधाच्या आतून... मला सुचलं नव्हतं ते. इतके दिवस जातोय मी तिथून." त्यानं बशी बाजूला सरकवली. "कोण आहे तो? नवीन कुणी आलाय का गावात?"

वायरमननं त्याच्याकडे बघितलं. काचेतून दोन डोळे दिसत होते, आणि त्या डोळ्यांत जे होतं ते त्याच्या इतक्या ओळखीचं होतं की स्वतःचाच आरसा पुढं धरल्यासारखं वाटलं. मोसमभर हे पोटात घेऊन तो खांब चढला होता, जेवला होता, बायकोशी भांडला होता. आता ते दुसऱ्याच्या पोटात बसलेलं बघून त्याला असं हलकं वाटलं, असं गोड वाटलं, की तसं ते कढई पार करून सुद्धा कधी वाटलं नव्हतं.

"कुणास ठाऊक," तो म्हणाला. "असेल कुणी तरी घाबरट."

आणि त्यानं अंडीवाल्यासाठी आणखी एक चहा सांगितला, कारण पहिला गार झाला होता.